मिलकाबाईंचा शनिवार

"होकार द्यायला माझ्या घराला चार भिंती आहेत. तू भांडायला ये," असं मिलकाबाई आवासकरांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. मुख्याध्यापिकेशी भांडायला कोण जातं? मी नशिराबादची. आमच्याकडे मोठ्यांसमोर हो म्हणायचं आणि मग परसात जाऊन जे बोलायचं ते बोलायचं. बाईंना परसातलं बोलणं समोर हवं होतं.

शाळा धुळ्याची, मुलींची, सातवीपर्यंतची. बाई ठेंगण्या, चापूनचोपून नऊवारी नेसणाऱ्या, अंबाड्यात मिळालं तर एखादं फूल, आणि मराठी अशी खणखणीत की शाळा तपासायला येणारे डेप्युटीसाहेबसुद्धा त्यांच्यापुढे जपून बोलत. कपाळाला कुंकू नव्हतं, म्हणून नवीन माणूस त्यांना कधी ख्रिस्ती समजे, कधी पारशीण. त्या होत्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या यहुदी घरातल्या. वडील रेल्वेच्या पुलांवर ओव्हरसियर होते. ते चाळीसगावला बदलून आले आणि मग खानदेशातच राहिले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि बाई आपण होऊन सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

शनिवार हा त्यांचा पाळायचा दिवस. त्या दिवशी काम करायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही. पण शाळा शनिवारी सकाळची भरे. बाईंनी त्यातून आपली वाट काढली होती. "नोकरी सरकारची आहे, येणं भाग आहे. पण खडू मी धरणार नाही." शनिवारी त्या सगळं तोंडी शिकवत आणि त्यांच्या वर्गाची हजेरी मी मांडत असे. एवढ्यावर मी त्यांना पुष्कळ चिडवून घेतलं. पाप माझ्या खात्यावर जमा होतंय का, असं विचारलं की त्या म्हणत, "तुझा शनिवार नाही, तुला पाप नाही. रविवारी काय करतेस ते बघ."

शाळेचा शिपाई हिलाल मारुतीचा भक्त, शनिवारचा कडकडीत उपास करणारा. बाईसुद्धा शनिवार पाळतात म्हटल्यावर त्यानं त्यांना मारुतीच्याच भक्त ठरवून टाकलं होतं. दर शनिवारी तो देवळातून परतताना त्यांच्या टेबलावर रुईचं एक पान ठेवी. हे म्हणे तीन वर्षं चाललं. शेवटी कोणीतरी त्याला खरं सांगितलं, तेव्हा तो ओशाळून बाईंपुढे उभा राहिला. बाई म्हणाल्या, "हिलाल, तुझा शनिवार वेगळा, माझा वेगळा. पण एकाच दिवशी येतात हे बरं आहे की नाही?" पान ठेवणं त्यानं काही थांबवलं नाही.

शनिवारी दुपारी दोनला मी त्यांच्या घरी जायची. दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक लहानशी नळी ठोकलेली होती, तिच्यात देवाचं वचन गुंडाळून ठेवलेलं. आत जाताना बाई तिला बोट लावून ते बोट ओठांना लावत. मग पोथी निघे. त्यांच्या धर्मग्रंथाचे वर्षभराचे भाग पाडलेले असतात आणि आठवड्याला एक वाचायचा असतो. पण तो एकट्यानं वाचायचा नाही, अशी त्यांच्यातली जुनी रीत. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अडवायचं. चाळीसगावला वडिलांना अडवायला कोणी मिळेना, म्हणून त्यांनी दहा वर्षांच्या मिलकालाच समोर बसवलं. वडील गेल्यावर बाई जोडीदार शोधत होत्या. धुळ्यात यहुद्यांची घरं तीन. त्यातला गार्ड कायम गाडीवर आणि पोलिसातला हवालदार शनिवारी दुपारी घोरत पडलेला. मग माझ्यावर पाळी आली. मला त्यांच्या धर्मातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंना ते फारच सोयीचं वाटलं.

नियम एकच होता. दोघींपैकी एकीनं चुकीची बाजू घ्यायची, आणि मन लावून घ्यायची. मी लेचंपेचं बोलले की त्या पोथी मिटून टाकत. "चुकीची बाजू इतकी वाईट कधीच नसते, सिंधू. तशी असती तर माणसं तिच्याकडे गेलीच नसती. नीट मांड." शाळेत मी 'सिंधूबाई' आणि 'तुम्ही' असे. त्यांच्या उंबऱ्याच्या आत 'तू'. या दोन्हींची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

पहिला भाग आम्ही वाचला तो दोन भावांचा होता. धाकट्याची पूजा देवाला रुजू होते, थोरल्याची होत नाही, आणि थोरला जळफळतो. पुढे तो धाकट्याला शेतात नेऊन मारतो. पण त्याआधी देव त्याच्याशी बोलतो. पाप तुझ्या दाराशी दबा धरून बसलंय, त्याला तू हवा आहेस, पण तू त्याला ताब्यात ठेवू शकतोस, अशा अर्थाचं. बाई इथे बोट ठेवून थांबल्या. "हे त्याला आधी सांगितलंय. खून झाल्यावर नाही. आणि पाप कुठे आहे? दाराशी. अजून घरात शिरलेलं नाही. दार उघडायचं की नाही, हे घरमालकाच्या हातात आहे."

याच गोष्टीतून बाईंची शाळेतली एक सवय आली होती. मुलीनं काही आगळीक केली की त्या 'का केलंस' असं विचारत नसत. विचारत, "दाराशी किती वेळ उभी होतीस?" पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुली शाळेच्या दाराकडे बघत. एकदा सहावीतल्या एका मुलीनं शिवणाच्या परीक्षेला मावशीनं भरलेला रुमाल स्वतःचा म्हणून दिला. मावशीचा हात इतका सफाईदार की आंधळ्यालाही समजलं असतं. बाईंनी तिला बोलावलं, दाराचं काय ते समजावून सांगितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी रडत म्हणाली, "रातभर, बाई. झोपच आली नाही." बाईंचा चेहरा एकदम निवळला. "मग तू चांगली मुलगी आहेस. जी उभीच राहत नाही तिची मला काळजी वाटते." तिला सुईदोरा देऊन त्यांनी तिथंच बसवलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडून एक वेडावाकडा रुमाल भरून घेतला. तिला त्यांनी पास केलं.

भादव्याच्या शेवटी नाहीतर आश्विनात त्यांचा दार फाळणीचा, म्हणजे दार लावून घेण्याचा सण येई. दिवे लागायच्या आत दार बंद करायचं, पांढरं नेसायचं आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्नपाणी न घेता देवाची क्षमा मागत बसायचं. बाहेरच्या माणसाशी बोलायचंही नाही. पण त्यांच्यात एक मोठी अट आहे. देवाचा अपराध देव माफ करतो, माणसाचा करत नाही. त्यासाठी त्या माणसाच्याच दाराशी जावं लागतं. त्यानं नाही म्हटलं तर परत जायचं, पुन्हा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा, आणि सोबत साक्षीला कोणीतरी न्यायचं. म्हणून सणाच्या आधीच्या दिवसांत बाई सगळीकडे फिरत. हिलालकडे जात, रागावलेल्या मुलींच्या घरी जात, माझ्याकडे येत. उभ्या राहून म्हणत, "वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर." मी म्हणायची, "माफ केलं बाई, बसा, चहा टाकते." मला ती एक गंमत वाटायची.

मंजुळाची गोष्ट घडली तेव्हा मला शाळेत पाच वर्षं झाली होती. पांझरेकाठच्या एका गावचे राजधर नाना, बायको गेलेली, दोन मुली. थोरली शेवंता शाळा सोडून सासरी गेलेली आणि धाकटी मंजुळा सहावीत. मंजुळा म्हणजे बाईंचा जीव. हिशेबाला पक्की, आणि वाचायला लागली की वर्ग गप्प होई. पुढच्या वर्षी सातवीची परीक्षा, मग ट्रेनिंग, मग मास्तरीण, इथवर बाईंनी मनात रंगवून ठेवलं होतं.

नाना शाळेत आले ते मंजुळाच्या वयाचा दाखला मागायला. "बाई, मन्ही धाकली चौदानी व्हयनी. चाळीसगावनं घर चांगलं शे. पन पाव्हना दाखला मांगस. कचेरीमा शे ना तो, भ्यास कायदाले."

मुलीला चौदा पूर्ण झाल्याखेरीज लग्न नाही, हा कायदा तेव्हा नवा होता. गावोगाव त्याला कोणी भीक घालत नव्हतं. पण हे व्याही सरकारी नोकर, नोकरीला जपणारे. शाळेचा कागद असल्याशिवाय ते पुढे सरकणार नव्हते.

बाई म्हणाल्या, "नाना, मंजुळा बारा वर्षांची आहे. तुम्हालाही ठाऊक आहे."

"माले ठाऊक शे," नाना शांतपणे म्हणाले. "पन कागदवर चौदा शे. तुमनाच हातनं लिखेल शे."

बाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं, उघडलं आणि बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. नानांना म्हणाल्या, "सोमवारी सांगते."

त्या दिवशी शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोथी काढण्याआधी त्यांनी मला सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी शेवंता शाळेत यायची ती चार वर्षांच्या मंजुळाला कडेवर घेऊन. धाकटीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. सहा वर्षांखालचं मूल वर्गात बसवायचं नाही असा नियम, आणि तपासणी तोंडावर आलेली. धाकटीला हाकललं तर थोरलीचीही शाळा सुटणार. बाईंनी रजिस्टरमध्ये मंजुळाचं वय सहा लिहिलं. दोघी राहिल्या.

"चांगलंच केलंत," मी म्हणाले.

"दाराशी किती वेळ उभी होते ते विचार."

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "टाक दौतीत बुडवून झटकायला लागतो तेवढा. सगळ्या पोरींना विचारत सुटले आणि मी स्वतः थांबलेच नाही. चांगलं काम करतेय असं वाटलं की माणूस थांबत नाही."

त्या आठवड्याचा भाग असा होता की देव लोकांना सांगतो, मी तुमच्यापुढे जीवन आणि मरण, बरं आणि वाईट दोन्ही ठेवलंय, तुम्ही जीवन निवडा. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "घे चुकीची बाजू. नानांच्या वतीनं बोल."

मला बोलता येईना. मी स्वतः बाराव्या वर्षी बोहल्यावर उभी राहिले होते आणि चौदाव्या वर्षी माझं कुंकू पुसलं गेलं. भावानं हट्टानं शिकवलं म्हणून मी माणसांत आले. नानांच्या वतीनं मी काय बोलणार? पण बाई थांबून राहिल्या. मग मी त्यांच्याच पोथीतलं काढलं. बाराव्या वर्षी मुलगी मोठी होते, तिला बरंवाईट कळतं असं तुमच्यात धरतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. "मग बारा वर्षांच्या मुलीचं लग्न झालं तर तुमच्या देवाची काय हरकत?"

"बाराव्या वर्षी तिला निवडता येतं असं म्हटलंय. तिच्या वतीनं दुसऱ्यानं निवडावं असं म्हटलेलं नाही. पुढे बोल."

मग मी खेळ सोडला आणि मनातलं बोलले. "बाई, सहाच्या आकड्यावर शाईचा ठिपका पाडा आणि वर चार करा. रजिस्टरं मीच नीट लावून ठेवते. कोणाला कळणार नाही. मुलगी वाचेल आणि तुमचंही काही जाणार नाही." कारण जाणार होतं ते थोडं नव्हतं. जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळा तपासायला बाई नेमायची असं ठरलं होतं आणि हुकूम मिलकाबाईंच्या नावाचा निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापिकेनं मुद्दाम खोटं वय लिहिल्याचं कबूल केलं तर तो हुकूम निघणं शक्यच नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. "पाच वर्षांत पहिल्यांदा तू चुकीची बाजू मन लावून मांडलीस," त्या म्हणाल्या. "मला काल दिवसभर हेच सुचत होतं." आणि त्यांनी पोथी मिटली.

सोमवारी त्यांनी मंजुळाला आपल्या खोलीत बोलावलं. मी तिथंच होते. तिला सगळं सांगितलं. लग्नाचं, दाखल्याचं, आपण लिहिलेल्या आकड्याचं आणि आता वर कळवायचं मनात आहे त्याचंही. मग विचारलं, "तुला काय हवं?"

मुलगी पुष्कळ वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्हाले शिक्षा व्हई का?"

"होईल."

"मंग नका लिखू."

बाईंचा आवाज जरा चढला. "मी माझं विचारलं नाही, मंजुळा. तुझं विचारलं."

"माले सातवी करनी शे," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाईंनी तिला हिलालकडून पाणी आणवलं, तिला वर्गात पाठवलं, आणि त्याच टेबलावर बसून डेप्युटीसाहेबांना पत्र लिहिलं. अमुक मुलीचं वय मी जाणूनबुजून दोन वर्षं वाढवून लिहिलं, खरं वय असं आहे, दोष माझा आहे. चार ओळी. कारण काही लिहिलं नाही. मी म्हटलं, निदान थोरलीच्या शाळेचं तरी लिहा. त्या म्हणाल्या, "विचारलं तर सांगेन."

दार फाळणीला पंधरवडा होता. संध्याकाळी टांगा करून आम्ही दोघी नानांच्या गावी गेलो, मी साक्षीला. नानांना गड्यानं वर्दी दिली, पण ते बाहेर आलेच नाहीत. दाखला मिळणार नाही हे त्यांना मंजुळाकडून कळलं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या, आतल्या अंधाराकडे बघून सगळं बोलल्या आणि परत फिरल्या.

पाच-सहा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी नाना ओट्यावर आले. "बाई, माफी मांगीसन काय व्हई? चांगलं घर हातनं गयं. पोरना मागे माय नही. मी उद्या डोळा मिटा तर तिनं कोन करी?"

मला वाटलं होतं, बाई कायदा सांगतील. त्यांनी नाही सांगितला. म्हणाल्या, "नाना, तुम्ही म्हणता ते खरं आहे. घर माझ्यामुळे गेलं. त्याचीच माफी मागायला आले आहे."

"नही देत," नाना म्हणाले आणि आत गेले.

तिसऱ्या खेपेला सणाचाच दिवस उजाडला. शाळा सुटल्यावर निघालो तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत नदीला पाणी म्हणून टांगा फिरून न्यावा लागला. मी बाईंना म्हटलं, दिवे लागायच्या आत परत पोचणार नाही, पुढच्या वर्षी मागा. बाई टांगेवाल्याला म्हणाल्या, "चल."

नाना ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसले होते. बाईंनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. नाना दोरी वळत राहिले. पीळ संपला तसं वर बघून म्हणाले, "पोर सांगस, आज रातपासून तुमना पानीना थेंब बी नही."

"हो. सूर्य बुडाला की."

"दुपारपासून काय खादं?"

बाईंनी काहीच खाल्लं नव्हतं. नानांनी आत हाक मारली. मंजुळा ताटलीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. बाई उंबऱ्यावर बसून जेवल्या, सगळी भाकरी, शेवटच्या तुकड्यापर्यंत. नाना समोर बसून होते. पाण्याचा तांब्या त्यांनीच पुढे केला आणि म्हणाले, "माफ बिफ मी काही जानत नही, बाई. पोरले शाळामा धाडसू मी." बाईंनी मान हलवली. मग तांब्या तळापर्यंत रिकामा केला.

टांगेवाल्यानं घोड्याला काय पळवलं म्हणता. आम्ही घराशी पोचलो तेव्हा समोरच्या भिंतीवर बोटभर ऊन होतं. बाईंनी चौकटीला हात लावला, आत गेल्या आणि दार लावलं. मी बाहेर उभी. माफी मागायला आलेल्या बाईंना इतकी वर्षं गंमत म्हणून दिलेला चहा आठवून त्या संध्याकाळी मला लाज वाटली.

दिवाळीनंतर हुकूम आला. तपासणीची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मिलकाबाईंचं मुख्याध्यापिकेचं पद काढून त्यांना साधी शिक्षिका म्हणून साक्रीला पाठवलं. आम्ही सगळ्या हळहळलो, हिलाल तर चक्क रडला. बाई बांधाबांध करताना म्हणाल्या, "साक्रीला काय मुली नाहीत? रडायचं काय त्यात?" जाताना रुईचं पान मात्र त्यांनी पोथीत ठेवलेलं मी पाहिलं.

साक्रीहून त्यांच्या बातम्या येत. बाजाराच्या दिवशी त्या म्हणे बांगडीवाल्याशेजारी उभ्या राहत आणि डोंगरातल्या गावांहून आलेल्या आयांना गाठून मुलींना शाळेत घाला म्हणून सांगत. वय विचारायची त्यांची पद्धत तर गावात गमतीचा विषय झाली होती. आईला वर्ष सांगता येत नसे. मग बाई विचारत, जन्मली तेव्हा शेतात काय उभं होतं, त्या साली पाऊस कसा होता, थोरल्याला दात आले होते का. अर्धा तास चौकशी, मग एक आकडा. सहाच्या आतली भरली तर दोन वर्षांनी या म्हणत, आणि दोन वर्षांनी स्वतः जाऊन आणत.

मंजुळा सातवी झाली, ट्रेनिंग झाली. लग्न उशिरा झालं, तिच्या पसंतीनं. नेमणुकीच्या वेळी तिनं साक्री मागून घेतली.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी. मोटारीनं साक्रीला गेले तो मुद्दाम शनिवार धरून. बाई निवृत्त झालेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू. दाराला तीच नळी होती. आत पोथी उघडलेली, वाचत होती मंजुळा, आणि भाग तोच निघाला होता, दोन भावांचा. माझा आवाज ओळखून बाई म्हणाल्या, "बस. मधे बोलू नकोस, तिची पाळी आहे. मांड गं, आणि लेचंपेचं नको."

मंजुळा माझ्याकडे बघून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "बाई, चुकीची बाजू घेते. दार उघडलं म्हणून सगळं वाईटच होतं असं नाही. तुम्ही त्या दिवशी सहा लिहिलं नसतंत तर मी शाळेत बसलेच नसते. शेवंताअक्काही नसती. मग पुढे तुम्ही जिच्यासाठी खरं लिहिलंत, ती मी तरी कुठे असते?"

बाईंनी आपला हात चाचपत चाचपत पुढे केला, मंजुळाचा हात सापडला, तो घट्ट धरला.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे." मग हात न सोडता, "तरी ते खोटंच होतं, मंजुळा."

"हो, बाई."

"पुढं वाच."

ती पुढं वाचू लागली. माझी मोटार पाचची होती. निघताना बाईंनी मला हाक मारली आणि बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सिंधू, सणाला धुळ्यापर्यंत यायला आता जमायचं नाही. माफी आत्ताच मागून ठेवते." मी चहाचं काही बोलले नाही. त्यांच्या पायाशी वाकले आणि म्हटलं, "आधी माझं, बाई. शाईचा ठिपका मी सुचवला होता."

"तो मी केव्हाच माफ केलाय," त्या म्हणाल्या. "त्या शनिवारी तू फार चांगलं भांडलीस."

मी बाहेर पडले. रस्त्याच्या वळणापर्यंत मला त्या दोघींचा आवाज ऐकू येत होता, एकीचा वाचताना आणि दुसरीचा तिला अडवताना.